तेल संपलं की लागणारा दिवा

आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी आणि पहिली चारचाकीही माझीच. दोन्ही घरी आल्या तेव्हा गावकऱ्यांनी एकच प्रश्न विचारला होता, "आते हिना काय उपयोग?" पदवीचा उपयोग झाला, मी विसरवाडीजवळच्या एका हायस्कुलात मराठीचा शिक्षक झालो. गाडीच्या बाबतीत मात्र तो प्रश्न बराच काळ तसाच उभा राहिला. निदान प्रश्न तरी उभा राहिला. गाडी राहत नव्हती.

गाडी म्हणजे जुनी व्हॅन. आधीच्या मालकाने तिच्यातून शाळेची मुलं नेली, मग किराणा नेला, मग बहुधा दोन्ही एकदम. दार उघडलं की अजूनही खोडरबर आणि जिरं यांचा मिळून एक वास येतो. तिचा सेल्फ लहरी आहे. लागला तर एका फटक्यात, नाही तर धक्का मारणारे शोधा. म्हणून थोडा वेळ थांबायचं असलं तर मी इंजिन बंदच करत नाही. वर्गात सांगतो तसं सांगतो: हे लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

आम्ही मूळचे तापीकाठचे. तिकडची जमीन थापलेल्या भाकरीसारखी सपाट. तिथे गाडी उभी केली की ती उभी असते. ती आपोआप कुठे जाईल हा विचारच कुणाच्या मनात येत नाही. त्यामुळे हँडब्रेक या वस्तूबद्दल आमच्या लोकांचं मत 'असतो एकेक गाडीला' एवढंच. आमच्या व्हॅनमध्येही दोन सीटांच्या मधून वर येणाऱ्या त्या दांड्याचा उपयोग बायकोनेच प्रथम शोधून काढला. तो वर ओढून ठेवला की त्याला भाजीची पिशवी छान अडकते. तेव्हापासून तो वरच असायचा आणि गाडी बिनतक्रार चालायची. चालत्या गाडीत हँडब्रेक वर आहे आणि गाडीला त्याचं काही वाटत नाही, यात काही चुकतंय हे माझ्या पदवीच्या लक्षात आलं नाही.

नोकरीच्या गावी मला घरासाठी जागा मिळाली ती टेकाडावर. आई तापीकाठावरून पहिल्यांदा आली तेव्हा अंगणात उभी राहून खाली रस्त्याकडे बघत म्हणाली, "भाऊ, सपाट जमीन सोडी तू आठे काबर ऊना? बोर टाकं तं खाले रस्तावर जाई पडी." आमच्याकडे आया मुलाला भाऊ म्हणतात. बोर खरोखरच खाली गेलं असतं. व्हॅन जाऊ नये म्हणून आम्ही मागच्या चाकाला दगड लावायचो. काळा, एका बाजूने तासलेला, चाकाखाली नेमका बसणारा दगड. गाडीचा सगळ्यात भरवशाचा भाग तोच होता.

आता त्या लाल दिव्याबद्दल सांगायला हवं. गाडी घरी आली त्या दिवसापासून समोरच्या पट्टीवर, काट्यांच्या खाली, एक लाल दिवा सतत लागलेला असे. त्याच्या बरोबर वर आधीच्या मालकाने चिकटवलेला गणपती. आईने विचारलं, "हाऊ दिवा कसाना शे?" मी उत्तर शोधत होतो, तेवढ्यात मामा बोलला. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. जन्मभर ट्रक चालवला, आता आमच्याच गल्लीत राहतो आणि वाहनांबाबतचा शेवटचा शब्द त्याचा असतो. आपल्या ट्रकला त्याने स्वतः हिरवे, निळे, जांभळे दिवे लावले होते, त्यामुळे गाडीतला दिवा शोभेसाठी असतो हे त्याला ठाऊक होतं. "अक्का, तो देवना दिवा शे," मामा म्हणाला. "गणपतीना. कंपनी फिटिंग."

आईने हात जोडले. कानबाईच्या सणाला ज्या बाईने रात्र रात्र जागून दिव्यात तेल घातलं, वात सारली, तिला ही व्यवस्था फार आवडली. तेल नको, वात नको, वारा लागत नाही, आणि दिवा अखंड. तेव्हापासून गाडीत बसताना ती आधी त्या दिव्याला नमस्कार करायची, मग पाय आत घ्यायची. कंपनीबद्दल तिचं मत फार चांगलं झालं.

घरात आम्ही अहिराणी बोलतो. 'शे' हा आमचा शब्द. 'आहे' मी शाळेत शिकलो. ज्या गुरुजींनी वर्गात उभं करून माझ्याकडून तो घोटून घेतला त्यांचे माझ्यावर उपकार आहेत, कारण त्या एका शब्दावर मी पोट भरतो. आईचा मात्र त्या शब्दावर विश्वास नाही. तिला तो कचेरीत भेटलेला आहे. साहेब मीटिंगमध्ये आहेत. काम चालू आहे. गाडी येणार आहे. तिच्या अनुभवात, जी गोष्ट असते तिला लोक 'शे' म्हणतात, आणि जी नसते तिला 'आहे'. माझंही तसंच होतं हे तिने कधीच ओळखलं होतं. घरात बोलताना एखाद्या गोष्टीची खात्री नसली की मी नकळत शाळेच्या मराठीत शिरतो. "भाऊ 'आहे' म्हणना," ती सुनेला सांगते, "म्हणजे नही शे."

त्या वर्षी धुण्याच्या दगडावरून पाय घसरून आईच्या गुडघ्याची वाटी फुटली. चिंचपाड्याच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, चांगलं झालं. प्लास्टर निघालं. पण पाय काठीसारखा ताठ. डॉक्टरांनी आईसमोरच मला स्पष्ट सांगितलं की दर आठवड्याला आणायचं, आम्ही इथे वाकवू, घरी तुम्ही वाकवा. हे काही आठवडे हातचे गेले तर गुडघा असाच राहील; मग खाली बसणं नाही, शेताचा बांध चढणं नाही. आईला बांध चढता आला नाही तर तापीकाठचं घर तिच्यासाठी बंद झाल्यासारखंच होतं. ती आमच्याकडे पाहुणी म्हणून आली होती आणि तिला पाहुणीच राहायचं होतं.

दुसऱ्या आठवड्याला तो प्रकार घडला. सकाळची वेळ. व्हॅन अंगणासमोर उतारावर उभी, सेल्फच्या भीतीने इंजिन चालू, त्यामुळे गिअरमध्ये टाकता येत नव्हती. आई वॉकर धरून आली, दिव्याला नमस्कार केला, चांगला पाय आत ठेवला. ताठ पाय अजून बाहेर.

"हँडब्रेक ओढला ना?" बायकोने विचारलं.

"ओढलेला आहे," मी म्हणालो.

आईने चमकून माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात गाडी सरकली. फार नाही, वीतभर. पण एक पाय आत आणि दुसरा न वाकणारा पाय बाहेर असलेल्या माणसाला वीतभर म्हणजे पुष्कळ होतं. बायकोने तिला कमरेला धरलं, मी धावत पेडलवर पाय ठेवला आणि ओरडलो, "दगड कुठे आहे?"

दगड गच्चीवर होता. पापड वाळत घातलेल्या धोतराचं टोक उडू नये म्हणून बायकोनेच ठेवला होता.

आईला काही लागलं नाही. ती ओट्यावर बसली, पाणी प्यायली, आणि शांतपणे म्हणाली, "भाऊ, मी पायी जासू चिंचपाडाले. पन जी गाडी उभी ऱ्हात नही, तिन्हामा मी बठाव नही."

"मी रिक्षा बोलावतो."

"रिक्षामा हाऊ पाय मावस का?"

मावत नव्हता. ताठ पाय लांब करून बसता येईल अशी जागा आमच्या व्हॅनच्याच पुढच्या सीटला होती. त्या आठवड्याची खेप चुकली. घरी व्यायाम सुरू ठेवला, पण आई बायकोला फसवायची. गुडघा वाकवून दाखवा म्हटलं की चांगला गुडघा वाकवून दाखवायची आणि म्हणायची, "देख, कसा वाकी ऱ्हायना."

गाडी सुधारायची हे ठरलं, म्हणजे सल्ले सुरू झाले. मामा गाडीभोवती एक फेरी मारून आला. "भाच्या, हँडब्रेक हाई शहरना लोकेस्नं काम शे," तो म्हणाला. "मी जन्मभर ट्रक चालाडा. कव्हय हात लावा नही. गाडीले काय व्हयेल नही शे. टेकाडले व्हयेल शे. जेसीबी बलाव, टेकाड काढी टाक."

शेजाऱ्यांना हा उपाय पटला. त्यांच्यातल्या एकाला घराच्या भरावासाठी मुरूम हवाच होता. घराचं काय करायचं हे मी विचारलं, तेव्हा मामाने दुसरा उपाय काढला. गाडी खाली सपाट रस्त्यावर उभी करायची, आणि अक्काला खुर्चीत बसवून चौघांनी उचलून खाली न्यायचं.

हे आईने आतून ऐकलं. "चार जण खांदावर कोणले नेतस, माले माहीत शे," ती म्हणाली. "अजून टाईम शे त्याले."

मी शिकलेला माणूस असल्यामुळे मोबाइलवर व्हिडिओ पाहिला. त्यात एक गोरा गृहस्थ बर्फात उभा राहून सांगत होता की थंडीत हँडब्रेक ओढून ठेवू नये, तो गोठतो. बाहेर लोखंडी फाटकाला हात लावला तर चटका बसत होता. तरी मी व्हिडिओ आदराने शेवटपर्यंत पाहिला. शिकवणाऱ्या माणसाला मध्येच सोडून उठायचं नाही ही सवय आहे. त्यातून एक गोष्ट हाती लागली: एरवी उतरण्याआधी दांडा ओढायचा, आणि तो थोड्याच 'कट् कट्'मध्ये घट्ट झाला पाहिजे. मी जाऊन ओढून पाहिला. तो बिचारा कट् कट् करत पार माझ्या छातीपर्यंत आला असता; सीट आडवी आली म्हणून थांबला.

विसरवाडीच्या फाट्यावरच्या मेकॅनिककडे गेलो. तो आमच्या व्हॅनचा घरचाच डॉक्टर. हँडब्रेक हे नाव ऐकून त्याने हातातला पाना खाली ठेवला.

"हँडब्रेक? सर, फूटब्रेक तर लागतो ना?"

"लागतो. थोडा खाली जातो."

"मग झालं! हँडब्रेक कोण वापरतं आपल्याकडे?" मग माझ्याकडे बघून त्याला दया आली. "तो लाल दिवा त्रास देतो का? बल्ब काढून देऊ? दोन मिनिटांचं काम."

"दिवा राहू दे. तो आईचा आहे."

त्याने दांड्याखालचं कव्हर उघडलं, खोडरबरचे तुकडे आणि एक वाळलेली मिरची बाहेर काढली, आणि केबलचा नट आवळला. दांडा आता लगेच घट्ट व्हायला लागला. त्याने गाडी न्यूट्रलमध्ये टाकली, हँडब्रेक ओढला आणि विजयी मुद्रेने बाहेर आला. गाडी जागची हलली नाही. मीही समाधानाने मान हलवली. गॅरेजची फरशी सपाट आहे हे दोघांपैकी कुणाच्याच मनात आलं नाही. दोघेही तापीकाठचे.

घरी आल्यावर टेकाडावर उभी केली. पूर्वी ती पटकन घसरायची. आता थोडा विचार करून घसरू लागली.

पण येताना दोन गोष्टी झाल्या होत्या. एक तर दांडा आता खाली करून चालवावी लागत होती, भाजीची पिशवी यापुढे बायकोच्या मांडीवर जाणार होती, आणि दांडा पूर्ण खाली असूनही आईचा दिवा लागलेलाच होता. मेकॅनिकच्या बोलण्यावरून मला वाटलं होतं, दांडा वर असतो म्हणून तो लागतो. आणि दुसरं, घरी उतरल्यावर उजव्या बाजूच्या मागच्या चाकाला हात लावला तर हात भाजला. पाणी टाकलं, चर्र झालं. डावं चाक थंडगार. म्हणजे जास्त आवळलेल्या केबलने एकच चाक धरून ठेवलं होतं आणि दुसऱ्या चाकाला या गोष्टीची बातमीच नव्हती. आमच्या शाळेतही कामाची वाटणी साधारण अशीच आहे, त्यामुळे हे मला लवकर समजलं.

आणखी एक आठवडा गेला. आईने ताठ पायाने सबंध अंगण झाडलं आणि म्हणाली, "कोठे अडी ऱ्हायनं?" म्हणजे कुठे अडतंय? पण झाडू खाली पडला तेव्हा तो उचलायला तिने मला हाक मारली. झाडू तिच्या पायापाशीच होता. मी उचलून दिला.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर पुन्हा फाट्यावर गेलो आणि मेकॅनिकला म्हणालो, "डावं चाक उघड." त्याने उघडलं. आतलं लायनर तेलाने चिंब. चाकातला ब्रेकचा सिलिंडर गळत होता; तेल लायनरवर पसरलं होतं, आणि तेलकट लायनरने चाक धरणं म्हणजे तुपाच्या हाताने घागर धरणं. मग त्याने पुढे येऊन ब्रेक ऑइलची बाटली पाहिली. खुणेच्या बरंच खाली.

"तरीच तो दिवा," मेकॅनिक म्हणाला.

"कोणता?"

"लाल. हँडब्रेक ओढला की लागतो, आणि ऑइल कमी झालं तरी तोच लागतो. किती दिवसांपासून लागतोय?"

"गाडी घेतली तेव्हापासून."

त्याने जरा वेळ त्या दिव्याकडे पाहिलं. प्रत्येक सर्व्हिसिंगला तोच ती काच पुसून चकचकीत करून द्यायचा. "बल्ब चांगला आहे, सर," तो म्हणाला.

मग काम नीट झालं. नवा सिलिंडर, दोन्ही चाकांना नवे लायनर. आधी केबल सैल सोडली, चाकातलं अंतर बसवलं, मग केबल हवी तेवढीच आवळली. ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायची वेळ आली तेव्हा तो गाडीखाली आणि मी पेडलवर. "दाबा! धरा! सोडा!" तो खालून ओरडायचा आणि मी दाबायचो, धरायचो, सोडायचो. आज्ञा पाळण्याचं माझं शिक्षण पक्कं आहे. बाटली भरली, झाकण लावलं, दांडा खाली केला. आणि लाल दिवा गेला. गणपतीच्या खाली प्रथमच अंधार झाला. मला आनंद झाला, पण तो क्षणभरच. आता हे आईला कोण सांगणार?

दवाखान्याच्या दिवशी सकाळी मी गाडी टेकाडावर उभी केली, दांडा ओढला, न्यूट्रलमध्ये टाकली आणि बाहेर आलो. दगड मुद्दाम लांब ठेवला. गल्ली जमली. मामाने खांदा लावून ढकलून पाहिलं, शेजाऱ्यांनी ढकललं, मुरूम हवा असलेल्या शेजाऱ्याने जरा जास्तच जोर लावला. गाडी तसूभरही हलली नाही. लोकांची निराशा झाली, पण त्यांनी ती मोठ्या मनाने लपवली.

आई ओट्यावरून हे सगळं पाहत होती. ती उठली, वॉकर टेकत आली. इंजिन चालू, हँडब्रेक ओढलेला, म्हणून लाल दिवा लागलेला. तिने हात जोडले, चांगला पाय आत, मग ताठ पाय बायकोने उचलून आत. गाडी उभी. बायको आणि मामा मागे बसले. मी दांडा खाली केला.

"थांब!" आई ओरडली.

मी दचकून दांडा पुन्हा ओढला.

"आते ऊना," आई दिव्याकडे बोट दाखवून म्हणाली. "मघा कथा गया व्हता?"

मी दांडा खाली केला. दिवा गेला. ओढला, आला. खाली, गेला. आईने तोंडाला पदर लावला. दिवा विझला असं आमच्याकडे कुणी म्हणत नाही, ते अशुभ. "निजना," ती हळूच म्हणाली. "उभी गाडीले देव जागा, आनी चाले तव्हय निजस? हाई उलटं शे, भाऊ. उभी गाडीले देव कसाले लागस?"

मी वर्गातल्या सवयीने समजावून सांगायला लागलो. "माय, तो देवाचा दिवा नाही. ती एक सूचना आहे. ब्रेकचं तेल कमी झालं की तो दिवा लागतो आणि–"

"तेल कमी व्हयनं का लागस?"

"हो."

"आनी तेल घालं का?"

"जातो."

आई मागे वळली. जन्मभर तिने दिव्यात तेल घातलं होतं. "ऐकं का, बाई?" ती सुनेला म्हणाली. "तेल घालं का दिवा जास. बी.ए. शे."

बायको खिडकीबाहेर बघून हसत होती. तिचे खांदे हलत होते.

"तू सांग रे," आई मामाला म्हणाली. "तू तं म्हणना व्हता देवना दिवा, कंपनी फिटिंग."

मामाला खिडकीच्या काचेवरचा एक डाग दिसला होता, तो पुसण्यात तो गर्क होता. "अक्का," शेवटी तो म्हणाला, "कंपनीनी चूक व्हई."

उशीर होत होता. दवाखान्यात गुडघा वाकवण्याची वेळ सकाळची, ती टळली की पुढचा आठवडा. आईचा हात दाराच्या कडीवर होता. एकदा ती उतरली की पुन्हा बसणार नाही, हे गाडीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. मी तिला समजावण्यासाठी पुन्हा तोंड उघडलं, "ब्रेक आता पूर्णपणे सुस्थितीत आ–"

आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहून तिथेच थांबलो.

"दिवानं ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "माले एकच सांग. उतारवर आते गाडी धरस का?"

मी चाक उघडं पाहिलं होतं. तेलाने भिजलेलं लायनर हाताने चोळून पाहिलं होतं. नवं बसताना पाहिलं, पेडल माझ्याच पायाखाली हळूहळू कडक होत गेलं होतं, आणि अर्ध्या गल्लीने आत्ताच ढकलून पाहिलं होतं. मला पहिल्यांदाच या गाडीबद्दल काहीतरी ठाऊक होतं.

"धरस, माय," मी म्हणालो. "मी सोता देखेल शे."

"शे?"

"शे."

तिने कडीवरचा हात काढला आणि ताठ पायावर ठेवला. "मंग चाल," ती म्हणाली. अंधारलेल्या दिव्याकडे तिने एकदा बघितलं. "निजू दे त्याले. मी जागी शे."

आणि खरोखर जागी राहिली. हायवेवर पुढच्या ट्रकने ब्रेक लावला की माझ्या आधी ती "हळू" म्हणायची. चिंचपाड्याला दवाखान्याच्या दारापाशी थोडा चढ आहे. मी गाडी लावली, बायकोने दार उघडून हात पुढे केला, पण आई उतरेना. मागे एक मोटारसायकल हॉर्न वाजवत होती. शिपाई शिट्टी फुंकत आला, "आजी, उतरा लवकर, गाडी पुढे घ्या."

"दिवा लागू दे, भाऊ," आई त्याला म्हणाली.

शिपायाने आकाशाकडे पाहिलं. लख्ख ऊन होतं. मी घाईघाईने हँडब्रेक ओढला. दिवा लागला, आईने हात जोडले, मग पाय बाहेर काढला. गाडीतून उतरायची याहून योग्य पद्धत नसावी. गोऱ्या गृहस्थाच्या व्हिडिओतही हीच होती, फक्त हात जोडण्याचा भाग त्याच्याकडून राहून गेला होता.

आत डॉक्टरांनी तिला पालथं झोपवलं आणि दोन्ही हातांनी तो पाय धरून गुडघा हळूहळू वाकवायला घेतला. दोन खेपा चुकल्या होत्या, त्यामुळे सांधा आणखी धरलेला. आईने उशीचा कोपरा मुठीत आवळला. तिच्या कपाळावर घाम आला. पाय थोडा वाकला, मग आणखी थोडा. मला वाटलं, आता ती ओरडेल.

"आजी, बरं आहे ना?" डॉक्टरांनी विचारलं.

आईने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि मग जन्मात पहिल्यांदा, अगदी शुद्ध, गुरुजींनीही पाठ थोपटली असती असं बोलली.

"बरं आहे," ती म्हणाली.

डॉक्टरांचा विश्वास बसला. त्यांनी गुडघा आणखी थोडा वाकवला.